मांडे खाणारे आणि मांडे करणारे

नाशिकच्या लग्नांत हल्ली जेवणाच्या मंडपात एका कोपऱ्यात खापरावरच्या मांड्यांचा ‘लाइव्ह काउंटर’ असतो. मध्यंतरी अशाच एका लग्नात माझ्या मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ मोबाइलवर चित्रण करता करता म्हणाले, “यजमानांनी परंपरा छान जपलीय हो!” ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. यजमान त्या वेळी स्टेजवर फोटोला उभे होते. चुलीपाशी होती नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यातली एक बाई, पन्नाशीच्या आसपासची.

मी तिचे हात पाहत होते. पुरण भरलेला गोळा तिने तळहातावर थापला आणि मग दोन्ही मनगटांवर झुलवत झुलवत वाढवत नेला. पोळी कोपरापर्यंत आली तेव्हा तिच्याआडून हिरव्या बांगड्या दिसायला लागल्या होत्या. एका झोकात ती पालथ्या खापरावर पडली, एकही सुरकुती न पडता. बघता बघता कडा सुटल्या आणि पोळी मऊ आहे तोवरच बाईने तिची घडी घातली. बाईच्या मनगटांच्या आतल्या बाजूला चटक्यांचे जुने, काळे पडलेले डाग होते.

नाशिकचं खाणं म्हटलं की मिसळ, चिवडा, द्राक्षं ही यादी सगळ्यांना पाठ आहे, आणि ‘चुलीवरची’ ही पाटी आता कुठल्याही रस्त्याला दिसते. त्याबद्दल नव्याने काही सांगायचं नाही. मला बोलायचंय ते एका फरकाबद्दल. खाद्यपरंपरा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक खाणाऱ्याची परंपरा. तिच्यात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असते, आमरस असतो, माहेरी आलेल्या लेकी आणि झोके असतात. दुसरी करणाऱ्याची. तिच्यात गहू ओलवून, वाळवून दळायचा असतो, पीठ वस्त्रगाळ करायचं असतं, कणीक तार धरेपर्यंत तिंबायची असते. पऱ्हाटीचा जाळ कधी पुढे सारायचा, कधी मागे ओढायचा, हे नुसत्या धगीवरून ओळखायचं असतं. मी स्वतः खाणाऱ्यांत मोडते. म्हणूनच मला वाटतं की आमची बाजू आजवर फार बोलली.

करणाऱ्यांची बाजू जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मंडकांची, म्हणजे मांड्यांची, कृती आहे, आणि गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून तापल्या खापरावर भाजण्याचा तिचा क्रम आजच्या बाईच्या हाताला ओळखीचा वाटेल. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा तर सांगायलाच नको. पण त्या कथेची सुरुवात आपण घाईघाईने ओलांडतो. विसोबा चाटीने मुक्ताबाईचं पीठ हिसकावलं नाही, जळण काढून घेतलं नाही. हिला खापर द्यायचं नाही, एवढंच त्याने कुंभारांना बजावलं. तेवढ्याने भागलं! मांडे ही एकट्या घराची गोष्ट कधीच नव्हती. कुंभाराशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं, आणि गावच्या देवाणघेवाणीची दोरी ज्याच्या हातात, तो कुणाच्याही घरचा सण बंद पाडू शकत होता. अशा वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा व्हायला 2016 साल उजाडावं लागलं. ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंच्या भावंडांत सगळ्यांत थोरल्या निवृत्तिनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरीच आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने चमत्काराआधीचा हा नकार आठवावा, असं मला मनापासून वाटतं.

माझे एक स्नेही मूळचे सटाण्याचे. त्यांचं म्हणणं असं, की पदार्थ विकत मिळायला लागला की परंपरा मेली. “आमच्या आईने कधी पैसे घेऊन मांडे केले नाहीत,” हे ते अभिमानाने सांगतात. त्यांचं एक मला पटतं. काउंटरवरच्या पोळीत बऱ्याचदा मैदा असतो, पुरण घाईने वाटलेलं असतं, आणि घरच्या मांड्यांभोवती जो दिवसभराचा गजबजाट असायचा तो पैसे टाकून येत नाही. पण त्यांचं दुसरं वाक्य, “आताच्या मुलींना येतच नाही,” ते मी ऐकून घेत नाही. मुलींना का यावं? मुलगे शिकले का, हे त्यांनी कधी विचारलं? आईने पैसे घेतले नाहीत, कारण देऊ केले कुणी?

इथे थोडं आडवाटेला जाते. कॅनडातल्या मराठी घरांतून दर वसंतात मेपलच्या पाकाचे फोटो येतात. रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, अशा मोजक्या आठवड्यांतच मेपलच्या खोडातून रस गळतो. साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती येतो. आपल्या गुऱ्हाळात काकवीसाठी रस आटवतात, त्याच जातीचं काम. मूळ विद्या तिथल्या आदिवासींची, तिचा मोठा धंदा केला गोऱ्यांनी, हा अन्याय आहेच. पण क्युबेक प्रांतात आज जगातला 70 टक्क्यांहून जास्त पाक होतो, आणि तिथल्या उत्पादकांनी आपली संघटना बांधून कोटा आणि भाव स्वतःच्या हाती ठेवलाय. जास्तीच्या पाकाची त्यांची राखीव गोदामं आहेत. 2011-12 मध्ये अशाच साठ्यातला सुमारे 3,000 टन पाक चोरीला गेला, तेव्हा तो देशभर गाजलेला खटला झाला. परंपरेला तिथे भाव होता, म्हणून तिची चोरी मोजता आली. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बायकांच्या मनगटांचे कष्ट गेले, त्याचा हिशेब कुठल्या पोलीस ठाण्यात लिहायचा?

लिहायला बसले तेव्हा मला काउंटरविरुद्ध लिहायचं होतं. सण घरातच राहावा, मंडपात त्याचा देखावा होऊ नये, असं म्हणायचं होतं. आता तसं म्हणवत नाही. त्या बाईला चार तास उभं राहण्याचे पैसे मिळत होते. घरच्या चुलीपुढे तिच्या सासूला ते कधी मिळाले नसतील. माझी तक्रार उरते ती एवढीच, की तो भाव केटरर ठरवतो, बाई नाही. कसमादेच्या बायकांनी एकत्र येऊन दर ठरवावा, मैदा नाकारावा, पत्रिकेत यजमानांच्या खाली आपलं नाव छापायला लावावं. तसं झालं, तर करणाऱ्यांची परंपरा खाणाऱ्यांच्या कौतुकावर अवलंबून राहणार नाही.

स्नेही विचारतात, मग आखाजीचं काय? आखाजी माहेरवाशिणीची. पण लेकी झोक्यावर असताना खापरापुढे असते ती वहिनी, आणि तीही कुणाची तरी लेकच असते. मांडे विकत आणले तर दोघींना झोक्यावर बसता येईल. आणि मांडे करून विकणारीची आखाजी? त्या दिवशी तिने दर दुप्पट लावावा. तिला माहेरी जायचं असेल तर चूल पेटवूच नये, आणि आपण तव्यावरची पुरणपोळी खावी.