लुटारू परततो, उद्धारक मुक्काम ठोकतो

जॉन ह्यूस्टनचा ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५) आजही साहसपट म्हणून रंगतो. शॉन कॉनरी आणि मायकेल केनची जोडी, मोरोक्कोत उभं केलेलं काफिरीस्तान, बर्फाळ घाट, सोन्याने भरलेलं मंदिर. मूळ कथा १८८८ सालची, रुडयार्ड किपलिंगची. मुंबईत जन्मलेला हा लेखक साम्राज्याचा खंदा समर्थक. त्याच्याच कथेतून साम्राज्याचं पितळ इतकं उघडं पडावं हे नवल.

डॅनियल ड्रॅव्हट आणि पीची कार्नेहन हे ब्रिटिश फौजेतले माजी सैनिक. हिंदुस्थान आपल्याला अपुरा पडतो, असं म्हणत ते बंदुका घेऊन काफिरीस्तानात राजे व्हायला निघतात. त्याआधी रीतसर करारनामा करतात: राजे होईपर्यंत दारूला आणि बाईला शिवायचं नाही. वर साक्षीदार म्हणून सही किपलिंगची, जो चित्रपटात स्वतःच एक पात्र आहे. लुटीचेही कागद चोख ठेवायचे, ही तर कंपनी सरकारची जुनी रीत.

तिथल्या एका लढाईत एक बाण ड्रॅव्हटच्या छातीवर येतो आणि काडतुसांच्या पट्ट्यात रुततो. रक्त येत नाही. लोक त्याला देव मानतात, सिकंदराचा पुत्र ठरवतात. इथवर दोघांनाही ही बनवाबनवी आहे हे पक्कं ठाऊक असतं. पुढे ड्रॅव्हट न्यायनिवाडा करू लागतो, पूल बांधण्याचे बेत आखतो, राणी व्हिक्टोरियाला बरोबरीच्या नात्याने भेटण्याची स्वप्नं बघतो. घाट मोकळे होताच सोनं घेऊन पळायचं, हा पीचीचा हिशेब त्याला आता क्षुद्र वाटतो.

माझ्या मते चित्रपटाचा गाभा इथे आहे. पीची सरळसरळ चोर आहे, म्हणून त्याला परतीची वाट दिसते. ड्रॅव्हटला प्रजेचं भलं करायचं आहे, म्हणून तो हलत नाही. लुटारूची झोळी कधीतरी भरते; उद्धारकाचं काम कधीच संपत नाही. इंग्रजांनीही सोनंनाणं नेलं, त्याचा हिशेब मांडता येतो. पण ‘आम्ही गेलो तर यांचं कसं होणार’ ही त्यांची काळजी फार चिवट होती, कारण तिच्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

हे देवपण उतरवते ड्रॅव्हटने राणी म्हणून निवडलेली रॉक्सान. चित्रपटभर ती जवळजवळ मूक आहे. लग्नाच्या वेळी ती ड्रॅव्हटच्या गालाचा चावा घेते, रक्त दिसतं आणि राज्य संपतं. दुसरीकडे सईद जाफरीने साकारलेला गुरखा दुभाषा बिली फिश. सगळी राजवट त्याच्या जिभेवर चालते, तरी पळायची संधी सोडून तो कुकरी उपसून एकटा गर्दीवर धावतो. ह्यूस्टन शोक मात्र दोन गोऱ्या मित्रांचाच करतो. ही त्याची मर्यादा.

खऱ्या काफिरीस्तानावर १८९५-९६ मध्ये काबूलचा अमीर अब्दुर रहमान चालून गेला, लोकांना धर्म बदलायला लावला आणि मुलखाचं नाव नूरिस्तान केलं. उद्धार करायला गोराच लागतो असं नाही. समोरच्याला विचारायची गरज वाटली नाही, की तेवढं पुरतं.