बाटलीवरील चिठ्ठी

(वाचावे : मार्क ५ : २५–३४)

प्रभूच्या वस्त्रास स्पर्श करणाऱ्या त्या स्त्रीने बारा वर्षे अनेक वैद्यांचे उपचार सोसले होते. गाठचा पैसा संपला, गुण तर आला नाहीच, उलट दुखणे बळावले. तरी वैद्यांकडे गेल्याबद्दल प्रभूने तिला दोष दिला नाही. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधविले. दयाळू शोमरोन्याने वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. तेव्हा औषध घेणे म्हणजे विश्वासाचा अभाव, असे कोणी समजू नये.

आपले बेसा गाव आता नागपूर शहरास जाऊन भिडले आहे, तरी घरोघरी फळीवर काही जुने सोबती अजून दिसतात. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत सुरू केलेले अमृतांजन कपाळास चोळले म्हणजे डोके हलके वाटते. अमृतधारेत कापूर, ओव्याचे फूल व पुदिन्याचे फूल असते; हे तीन कोरडे पदार्थ एकत्र करताच आपोआप पातळ होतात. दुखऱ्या कपाळास किंवा चोंदलेल्या नाकास अशा औषधांनी घटकाभर आराम पडतो, त्याबद्दल देवाचे आभार मानावेत. मात्र कापराची औषधे तान्ह्या मुलांस लावू अगर पाजू नयेत.

अशा तयार बाटल्यांस लोक पेटंट औषधे म्हणू लागले. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘उघडे’ असा आहे. सर्वांनी वाचावी अशी उघडी सनद इंग्लंडचे राजे देत, तिच्यावरून तो आला. पण पुष्कळ विक्रेत्यांनी नाव मात्र उघडे केले आणि आतील द्रव्ये झाकून ठेवली. अमेरिकेत १८४९ पासून विकल्या गेलेल्या मिसेस विन्स्लो यांच्या बाळांच्या औषधात मॉर्फीन होते. इकडे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. रडणे थांबे आणि मूल बरे झाले असा भास होई. लोकांची जखम वरवर बांधून सर्व कुशल असल्याची ग्वाही देणाऱ्यांना यिर्मयाने दोष दिला, तो याच कारणासाठी.

पुढे रामनाथ चोप्रा समितीने १९३०–३१ मध्ये चौकशी केली, १९४० साली औषधांचा कायदा झाला, आणि मधुमेह, कर्करोग, पक्षाघात यांसारखे रोग हमखास बरे करतो अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई केली. परंतु कायद्याने अंतःकरण पालटत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारार्थ नागपुरास आणले होते. ज्या मातांनी विश्वासाने चमचा भरला त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये. चिठ्ठीवर एक आणि बाटलीत दुसरे, हा अपराध बनविणाऱ्याचा व तपासणीत कसूर करणाऱ्याचा आहे.

आता पुन्हा त्या स्त्रीकडे पाहा. थरथरत पुढे येऊन तिने काहीही न लपविता आपली हकीकत सांगितली, आणि प्रभूने तिला कन्या म्हणून जवळ केले. यातून आपण तीन गोष्टी घेऊ या. पहिली, जिच्यावर घटक लिहिलेले नाहीत किंवा जी सर्व रोगांवर रामबाण म्हणविते, अशी बाटली घरात आणू नका. दुसरी, दोन वर्षांखालील मुलांस सर्दीखोकल्याचे औषध देऊ नका. पाच वर्षांखालील मुलांसही सहसा ते देऊ नये, असाच वैद्यकीय सल्ला आहे. तिसरी, दवाखान्यात गेल्यावर घरी आधी काय पाजले ते लाजेपोटी लपवू नका. त्या एका खऱ्या शब्दावर लेकराचा प्राण अवलंबून असू शकतो.

आणि शेवटी, प्रियजनहो, ख्रिस्ती या नावाची चिठ्ठी आपणांवरही चिकटविलेली आहे. शेजारी ती वाचतात. आत काय भरले आहे ते प्रभू पाहतो. ती दोन्ही एक असावीत, अशी कृपा तो आपणांस देवो. आमेन.