शरीराची संमति

शर्यतीचा घोडा हौसेनें धांवतो, असें शर्यतीचे षोकी नेहमीं सांगतात. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर आम्हींहि हें एकदां ऐकिलें, आणि त्या वेळीं तें आम्हांस पटलेंहि. पुढें घोड्याच्या शरीरव्यापाराविषयीं थोडेंबहुत वाचनांत आलें, तेव्हां मात्र मन साशंक झालें.

स्वस्थ उभ्या घोड्याचें हृदय मिनिटास सुमारें ३० ते ४० ठोके देतें; भरधांव सुटल्यावर तेंच २०० च्या पुढें जातें. याहून नवल त्याच्या प्लीहेचें. तींत तांबड्या रक्तपेशींचा मोठा सांठा असतो. विश्रांतीच्या वेळीं रक्ताच्या शंभर भागांत या पेशी सुमारें ४० भाग असतात. प्लीहा आकुंचन पावली कीं त्या ६० पर्यंत चढतात. रक्त दाट होतें, प्राणवायु अधिक वाहून नेतें; तरीहि तो पुरा पडत नाहीं. मग स्नायु आपल्यांतील सांठविलेली शर्करा प्राणवायूवांचूनच मोडूं लागतात, लॅक्टिक आम्ल सांठत जातें आणि पाय जड होतात. ही शर्करा पूर्ववत् भरून येण्यास दोन-तीन दिवस लागतात. फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबानें फुटतात त्या वेगळ्याच. पुन्हां पुन्हां तपासल्यास शर्यतीच्या बहुतेक घोड्यांच्या श्वासमार्गांत केव्हां ना केव्हां रक्त आढळतें.

ही सारी शिल्लक निसर्गानें लांडग्यापासून जीव वांचविण्यासाठीं ठेविली. आपण ती चाबकाच्या इशाऱ्यानें बाहेर काढतों, आणि तिला हौस म्हणतों!

कोणी म्हणेल, शिंगरूं कुरणांत उगीचच उधळतें, तें काय भयानें? हा आक्षेप टाकाऊ नाहीं. धांवण्याचा आनंद घोड्यास आहेच. पण शिंगरूं दमलें म्हणजे थांबतें. कोठें थांबावें हें त्याचें तेंच ठरवितें. १९५४ सालीं ऑक्सफर्ड येथें रॉजर बॅनिस्टर एक मैल ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत धांवला. तो वैद्यकाचा विद्यार्थी. आपल्या देहांत काय चाललें आहे हें तो पुरतें जाणून होता, आणि वाटेल त्या पावलाला थांबण्यास मोकळा होता. त्याचे क्लेश त्याच्या मालकीचे होते. घोड्याचें हृदय, प्लीहा, स्नायु हुकूम होतांच कामास लागतात; त्यांस नाहीं म्हणतां येत नाहीं. शरीरानें दिलेला होकार हा त्या प्राण्याचा होकार आम्हीं कोणत्या न्यायानें समजावा?

शर्यतीवाल्यांस दोष देणें सोपें आहे. टांग्यांत आम्हीहि बसलों आहों. लहानपणीं स्टेशनावरून घरीं येतांना वाटेंत एक चढण लागे. तेथें आमचे वडील खालीं उतरत व आम्हां मुलांसहि उतरवीत. "बसा साहेब, नेईल तो," असें टांगेवाला दर वेळीं म्हणे. उन्हांत चालावें लागतें म्हणून आम्ही कुरकुरत असूं. वडील कांहींच बोलत नसत. चढ संपेपर्यंत घोड्याच्या बाजूनें मुकाट्यानें चालत राहत.