आकाश कोणाचें?

हिवाळ्यांत भिगवणजवळ उजनीच्या काठीं उभें राहिलें असतां दूर पाण्यावर एक गुलाबी रेघ दिसते. ती रोहित पक्ष्यांची. इंदापूर तालुक्याचें हें वैभव निसर्गदत्त आहे असें आपण म्हणतों. वस्तुतः भीमा अडवून तो जलाशय माणसानेंच निर्माण केला. तेथून कांहीं कोसांवर बारामतीच्या विमानतळावर तरुणांना उड्डाणाचे धडे दिले गेले आहेत. आकाश एक आणि प्रवासी दोन. त्यांची गांठ पडली तर दोष कोणाचा?

प्रश्न काल्पनिक नाहीं. 20 मे 2024 च्या रात्रीं मुंबईंत घाटकोपरवर उतरणीस लागलेलें एक विमान रोहितांच्या थव्यावर आदळलें. विमान सुखरूप उतरलें. सुमारें 40 पक्षी मृत सांपडले. उलट, 15 जानेवारी 2009 रोजीं न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाचीं दोन्ही इंजिनें रानहंसांच्या थव्यामुळें निकामी झालीं. वैमानिकानें तें हडसन नदींत उतरविलें, म्हणून 155 जीव वांचले. पुढें त्या परिसरांत हजारों हंस मारण्यांत आले.

माणसाचे प्राण अधिक मोलाचे, हें आम्हांस मान्य आहे. पण म्हणून पक्षी मारीत सुटावें, हें त्यांतून निष्पन्न होत नाहीं. आग पसरूं नये म्हणून शेजाऱ्याची भिंत पाडणें क्षम्य होय. परंतु आपणच रोज निखारे उघडे टाकावे आणि रोज त्याची भिंत पाडावी, यास निरुपाय कसें म्हणावें? घारी विमानतळाभोंवतीं घिरट्या घालतात त्या आपण टाकलेल्या घाणीवर. 1937 च्या विमान-नियमांत विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आंत उघड्यावर जनावरें कापण्यास व केरकचरा टाकण्यास मनाई आहे, ती याचसाठीं. नियम पाळावयाचा नाहीं आणि घारीस अपराधी ठरवावयाचें, हा न्याय नव्हे.

रोहिताची गोष्ट निराळी. तो उथळ पाण्यांतील अन्नासाठीं येतो. त्याला केराचें आमिष नको. तेथें त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा व वाटा ओळखून विमानानेंच जपून जावें. यांत माणसाचा कमीपणा नाहीं. अरुंद वाटेवर आंधळा समोरून आला तर बाजूस होण्याचें कर्तव्य डोळसाचें असतें. पक्ष्याला विमानाचा वेग कळत नाहीं. आपल्याला पक्ष्याची वाट कळूं शकते. आकाश कोणाचें, याचा निवाडा कदाचित् होणार नाहीं. जबाबदारी कोणाची, याचा मात्र झालेलाच आहे.