एकाच नावाची चिठ्ठी

निवड म्हटली की निदान दोन वस्तू समोर हव्यात. फराळाच्या ताटात नुसता चिवडाच असेल, तर 'काय घेणार?' हा प्रश्न थट्टेचाच व्हायचा. सोव्हिएत रशियात ही थट्टा पन्नास वर्षे मोठ्या गांभीर्याने चालली होती. पण तिला नुसते हसून सोडून देणे मला जमत नाही.

१२ डिसेंबर १९३७ रोजी तेथे सर्वोच्च सोव्हिएतची पहिली निवडणूक झाली. मताधिकार अठरा वर्षांवरील सर्वांना, मतदान गुप्त. मतपत्रिकेवर सूचना छापलेली : ज्याला मत द्यायचे त्याचे नाव ठेवा, बाकीची खोडा. बाकीची नावे मात्र नव्हतीच! कागद जसाच्या तसा पेटीत टाकला की मत झाले. खोडायचे तर पडद्याआड जावे लागे, आणि पडद्याआड गेलेला माणूस नेमका सर्वांच्या नजरेत भरे.

निकाल ठरलेलाच होता, मग आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत पेटी नेण्याचा खटाटोप कशासाठी? १९८४ साली तर ९९.९९ टक्के मतदान नोंदले गेले. मला वाटते, सरकारला मत नकोच होते. हजेरी हवी होती. आपल्या पायांनी येऊन होकार देऊन गेलेल्या माणसाची जीभ पुढे तक्रार करताना अडखळते. हात बांधून ठेवण्यापेक्षा मोकळ्या हातांकडून असा होकार वदवून घेणे मला अधिक क्रूर वाटते.

मग कागद टाकून येणारा दोषी काय? घरी मुलेबाळे, नोकरीची काळजी. शिवाय मतदान केंद्रावर एरवी न मिळणारे खाद्यपदार्थही विकायला असत! मी तरी त्याला दोष देणार नाही. काहीजण परगावी मत देण्याचा दाखला घेत आणि कुठेच मत देत नसत. ही लबाडी खरीच. पण खोट्या होकारापेक्षा ती मला बरी वाटते.

एकच पक्ष म्हटला की सगळीकडे हेच घडते, असेही नाही. टांझानियात १९६५ साली एकाच पक्षाचे दोन दोन उमेदवार बहुतेक मतदारसंघांत उभे होते, एकाची निशाणी कुदळ, दुसऱ्याची घर. त्यात अर्थमंत्री पॉल बोमानी चक्क पडले. नायरेरे यांच्यासमोर मात्र कुणी नव्हते.

आणि रशियात? मार्च १९८९ मध्ये लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव एकटेच उभे होते. निम्म्याहून अधिक मतदारांनी ते एकुलते एक नाव खोडले, आणि प्रतिस्पर्धी नसताना ते हरले. नाव खोडण्याची मुभा कायद्यात १९३७ पासून होतीच.