अठरा वर्षांनंतरचे पालकत्व

पोरक्या मुलाचा सांभाळ हे सांभाळणाऱ्याचे पुण्य की त्या मुलाचा हक्क, या प्रश्नाच्या उत्तरावर बालकल्याणाची सारी व्यवस्था अवलंबून असते. पुण्य मानले तर किती द्यायचे आणि कुठे थांबायचे हे देणारा ठरवतो. हक्क मानला तर ते मुलाची गरज ठरवते.

वऱ्हाडात हा प्रश्न जुना आहे. रिद्धपूरच्या संत गोविंदप्रभूंना आईवडिलांच्या पश्चात आजोळच्या माणसांनी वाढवले. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले, तेव्हा लहानगा डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, आईसोबत मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे आला. तिथे त्याने गुरे राखली, शेतात राबला. आधार मिळाला, पण तो घामाने फेडावाही लागला. धर्मशास्त्रातील दत्तकविधानाचा कलही देणाऱ्याच्या बाजूनेच होता. वंश आणि पिंडदान यांसाठी मुलगा हवा असे. दत्तकाची सोय मुलासाठी नव्हती. मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग कायद्याने 1956 साली मोकळा केला.

2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलाचे हित केंद्रस्थानी आणले आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला. त्याला संशोधनाचा आधार आहे. रुमानियात 2000 पासून अनाथाश्रमांतील 136 बालकांवर झालेल्या अभ्यासात संगोपन कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ सरस ठरली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची विशेष. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना याच वाटेने जाते. 2023 पासून तिचे अनुदान दरमहा 2250 रुपये आहे. नातेवाइकांच्या घरी वाढणाऱ्या मुलांनाही ते मिळू शकते.

पण ज्याला कोणीच घरी नेत नाही, त्याचे काय? अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी याचे उत्तर कृतीने दिले. गाडगेबाबांच्या विचारांवर वाढलेल्या या माणसाने रेल्वे स्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली अंध, मूकबधिर, मतिमंद मुले पोसली. बापाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले, मुलींची लग्ने लावून दिली. या मुलांनी तिथे हजारो झाडे जगवली. इथल्याच एका अंध मुलीने 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली. त्याच वर्षी पापळकरांना पद्मश्री जाहीर झाली.

कागदोपत्री वझ्झर ही संस्थाच. तरी तिथले नाते वयावर तुटत नाही. कायद्याने मात्र अठराव्या वर्षी बालगृह सुटते. पुढे एकविसापर्यंत, अपवाद म्हणून तेविसापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहानंतरच्या आधाराची, सोय आहे, पण मतिमंद मुलाच्या बाबतीत या आकड्यांना अर्थ उरत नाही. ज्याला घास भरवावा लागतो, त्याला वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीही भरवावाच लागतो. म्हणूनच अशा मुलांना आजीवन त्याच घरी राहू द्यावे, असा कायदा पापळकर वर्षानुवर्षे मागत आले आहेत.

ही मागणी दयेची नाही, न्यायाची आहे. रक्ताच्या मुलाला कोणते आईबाप अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात? शासनाने पालकत्व पत्करले असेल, तर त्याची मुदत वयाने न ठरवता गरजेने ठरवावी आणि तसा बदल कायद्यात करावा.