गल्ल्यापाशी लावलेला पेन ड्राइव्ह

चि. प्रसादास,


परवा सांगलीला तुझ्या अडतीवर आलो, तेव्हा टॅलीच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावलेलाच दिसला. ‘मामा, बॅकअप रोज होतो,’ असं तू सांगितलंस. माझी काळजी तिथेच सुरू झाली. रॅन्समवेअर मशीनमध्ये शिरलं की जोडलेला ड्राइव्हही सोडत नाही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, व्यापाऱ्यांची येणी, जीएसटीची बिलं, सगळं कुलूपबंद करून वर खंडणी मागतं. हळदीचे सौदे ऐन भरात असताना कुणाचं किती देणं हेच सांगता आलं नाही, तर आजोबांपासून बसलेला विश्वास किती दिवस टिकेल?

दोन ड्राइव्ह ठेव आणि आलटूनपालटून वापर. बॅकअप झाला की ड्राइव्ह लगेच काढायचा, आणि दोनातला एक कायम घरच्या कपाटात. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर बॅकअप रिस्टोर करून एखाद्या शेतकऱ्याचं खातं उघडून बघ. फाइल बिघडलेली आहे हे अनेकांना नेमकं गरजेच्या दिवशी कळतं.

तुझ्याकडे अजून विंडोज ७ आहे. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबल्या. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं, तेव्हा ते ज्या फटीतून शिरत होतं, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती न लावलेली मशीनं त्याच्या तावडीत सापडली. तेव्हा मशीन बदलण्याचं काम दिवाळीवर ढकलू नकोस.

‘आमचं बँक खातं बदललंय’ असा व्यापाऱ्याचा मेल आला, तर आपल्याकडे असलेल्या त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. मेलमधला नंबर लावायचा नाही.

दिवाणजींशी मात्र जपून बोल. बँकेचे ओटीपी त्यांच्या फोनवर येतात, आणि लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल कुणीही भाबडेपणाने उघडू शकतं. त्यांना आधीच सांगून ठेव की चूक झाली तर तुम्हाला कुणी बोलणार नाही, फक्त त्याच क्षणी मला सांगा. माणूस भीतीपोटी गप्प बसतो, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे जातात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि बँकेत लगेच तक्रार गेली, तर वाटेतली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. हा नंबर त्यांच्या टेबलासमोर मोठ्या अक्षरात चिकटव.

नवं मशीन घेशील तेव्हा कळव, मी येतो.

तुझा,
मामा